दहावी पास मुलीच्या हातचे काम

१९८८ साली मावशीला घेऊन मी पेडण्याहून सावंतवाडीमार्गे रातराणीने मुंबईस गेलो. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचलो, पण रोग आधीच पुढे गेला होता. अंगावरून जाते, ही गोष्ट मावशीने आठ महिने कुणालाच सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणाला?

ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच्या समोरचा रस्ता आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मूळचे आपल्या गोव्याचे. कर्करोगाच्या शल्यविशारदांच्या तिथल्या पहिल्या पिढीतले. गोव्याला वैद्यकीय शिक्षण नवे नाही. पणजीची 'एस्कोला मेदिको' १८४२ ची. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय आले. परंतु एस्कोलाची भाषा पोर्तुगीज. पेडणे-डिचोलीच्या मराठी शाळेतील मुलाला ते दार सहजी उघडणारे नव्हते.

शिवाय या रोगाला एकटा शल्यविशारद पुरत नाही. किरणांची मात्रा मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ, यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, पेशी तपासणारा, रसायनोपचार देणारी परिचारिका, सारेच लागतात. यंत्र पैशाने येते. माणूस घडवायला वर्षे लागतात.

पण सगळ्यांनाच वर्षे लागतात असे नाही. १९९८ मध्ये टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तपासणीचे काम सोपवले. पद्धत साधी : गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावायचे, सदोष भाग पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी तपासणी झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : तपासणीच्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

मी हे वाचले आणि मावशी आठवली. तिला हवी होती आपल्या बोलीत, आपल्या ओटीवर बसून विचारणारी एखादी बाई. 'मावशे, कितें जाता?' एवढे विचारणारी.

दरवर्षी दहावीचे दाखले मी सही करून देतो. 'एवढ्या शिक्षणावर काय होणार, सर?' असे पालक विचारतात. आता मी त्यांना मुंबईतल्या त्या बायांची गोष्ट सांगतो. मोठी रुग्णालये सरकार बांधील. पण उंबरठा ओलांडून घरात जाणारी मुलगी मात्र आपल्याच शाळेतून जायला हवी.