पुढच्या तारखेचा गणपती

२०२५ सालची गणेश चतुर्थी बुधवारी होती, २७ ऑगस्टला. आदल्या रविवारी न्यूजर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला, ‘आई, आमचा गणपती शनिवारी.’

आई मोदकांची पिठी चाळत होती. चाळण तशीच हातात राहिली.

‘शनिवारी काय? चतुर्थी बुधवारी आहे!’

‘बुधवारी रजा नाही गं मिळत. आणि मंडळाला हॉलही शनिवारचाच मिळालाय.’

फोन ठेवल्यावर आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू ही व्यवस्था मीच मंजूर केली होती. ‘गणपतीने आता यांच्या साहेबाला विचारून यायचं का रे?’

मी पडलो बँकेतला कारकून. पंचांगातलं मला फारसं कळत नाही, पण सुट्टीतलं कळतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मन लावून अभ्यासलेला तो एकच विषय. बँकांच्या सुट्ट्या कायद्यात बसवल्या त्या सर जॉन लबक या इंग्रजाने. हा गृहस्थ स्वतः बँकेचा मालक. मालक असूनही त्याने १८७१ साली पार्लमेंटात कायदा करवून इंग्लंडातल्या बँकांना चार सुट्ट्या मिळवून दिल्या! अशा माणसाची तसबीर खरं तर प्रत्येक काउंटरमागे हवी. पुढे दहा वर्षांनी, १८८१ साली, आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आला. बी.कॉम.ला या कायद्याने मला छळलं आणि नोकरीत त्यानेच सांभाळलं. कारण आमच्या सुट्ट्या त्याच कायद्याखाली जाहीर होतात. त्यातलं पंचविसावं कलम सांगतं, की प्रॉमिसरी नोटेची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते. न्यूजर्सीत नेमकं उलटं. सण कामाच्या दिवशी आला, तर तो पुढच्या सुट्टीच्या दिवशी देय होतो.

‘म्हणजे तो बुडवत नाहीये, आई. तारीख तेवढी पुढे गेलीय.’

‘गणपती म्हणजे काय प्रॉमिसरी नोट आहे?’

मग मी आजोबांना साक्षीला काढलं. आजोबा तिसाच्या दशकात कोकणातून लालबागला आले, ते गिरणीत ‘बदली’ म्हणून. बदली म्हणजे रोज दारात उभं राहायचं, आणि कुणी कायमचा कामगार गैरहजर असेल तर आत जायचं. कोकणातल्या माणसाला तेव्हा मुंबई परदेशच होती. गणपती येणार ऐन पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद. म्हणजे आगगाडीने कोल्हापूर, तिथून सर्व्हिस मोटारीने घाट उतरायचा आणि पुढे चिखल तुडवत घर गाठायचं. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडायचं होतं. तोवर थांबणं आजोबांना शक्य नव्हतं. चतुर्थीला गावी जावं, तर परत येईपर्यंत दारातली जागा दुसऱ्याने पटकावलेली. गावकऱ्यांच्या खोलीत पंधराजण पाळीपाळीने झोपायचे. तिथे गणपती बसवायचा कुठे? १९३४ साली लालबागच्या बाजारातल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. रात्रपाळी सुटली की आजोबा तिथे जाऊन हात जोडायचे. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालीच सुरुवात झाली होती. घरच्या देवाला मुकलेल्या माणसाला मंडळाचा देव केवढा आधार असतो, हे मुंबईला न्यूजर्सीच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मंडळ काढायची ही खोड मराठी माणसाने बरोबर नेली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून दार उघडलं, तसे आपले डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले आणि १९६९ मध्ये शिकागोत मंडळ निघालं. मग मंडळं इतकी वाढली, की १९८१ साली त्या मंडळांचंही एक बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. पेणच्या मूर्ती काही महिने आधीच बोटीने परदेशी रवाना होतात. आजोबांना पावसाळ्यात गावची बोट मिळाली नाही. गणपतीला मात्र उन्हाळ्यातच अमेरिकेची मिळते.

आई जरा नरमली. ‘पण मेली एक सुट्टी द्यायला काय होतं त्यांना?’

मी म्हटलं, ‘एका देशाने दिलीय.’ १८३४ पासून करारावरचे मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यात रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून गेली. तिथे ‘डबल कट’ नावाचा प्रकार होता. एक दिवस कामावर आला नाहीत, तर दोन दिवसांची मजुरी कापायची! म्हणजे चतुर्थी केली की खिशातून दोन दिवस गेले. तरीही त्यांनी गणपती सोडला नाही. आज त्या देशात मराठी माणसं मूठभर आहेत, पण गणेश चतुर्थीला सबंध मॉरिशसला सुट्टी असते. एकेकाळी दोन दिवस कापत होते, त्यातला एक तरी परत आला.

आई काही बोलली नाही. पिठी पुन्हा चाळू लागली.

आमचा गणपती दीड दिवसाचा. गुरुवारी विसर्जन झालं. रिवाजाप्रमाणे चौपाटीची मूठभर वाळू आणून पाटावर ठेवली, आरती झाली. शुक्रवारी सकाळी मी पाट उचलायला गेलो, तर आई म्हणाली, ‘असू दे शनिवारपर्यंत.’

शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी अकराला, मी फोन तांब्याला टेकवून उभा केला. हॉलमध्ये शंभरेक माणसं, मधोमध पेणची मूर्ती. इथे रिकाम्या पाटावर वाळू आणि समोर निरांजन. सहा वर्षांपूर्वी भाऊ घरी आला होता, तेव्हा आईने आरतीचं तबक त्याच्याच हातात दिलं होतं. या वेळी ते तिने स्वतः धरलं. हात थरथरत होता. मी खालून आधार दिला.

आरती संपल्यावर सात वर्षांची पुतणी फोनमध्ये डोकावली. ‘आजी, तुमचा गणपती कुठे आहे?’

‘अगं, तुमच्याकडेच आलाय. गुरुवारी निघाला इथून.’

‘दोन दिवस लागले?’

‘लांब आहे ना बाई,’ आई म्हणाली, आणि निरांजन विझू नये म्हणून तिने त्यात आणखी तूप घातलं.