सायकल चालवून गुडघे झिजतात का? एका दुखण्याचा इतिहास



गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पहाटे सायकल चालवणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. त्यासोबत माझ्या ओपीडीत एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागले आहेत. वय चाळीस ते पंचावन्न. वजन कमी करायला किंवा साखर आटोक्यात ठेवायला चांगली गियरची सायकल घेतलेली असते. पहिले काही महिने मजेत जातात. मग एखाद्या घाटानंतर गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं. जिना उतरताना जास्त दुखतं, आणि सिनेमा बघायला बसलं की दुसऱ्या अर्ध्या भागात पाय लांब करावासा वाटतो. एमआरआय होतो. रिपोर्टमध्ये 'कॉन्ड्रोमलेशिया पटेला, ग्रेड २' असं लिहिलेलं असतं. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, गादी झिजली म्हणे. सायकल विकून टाकू का?"

या प्रश्नाला मी 'नाही' एवढंच उत्तर दिलं, तर तुमचा विश्वास बसणार नाही. रिपोर्टमधला तो भीतिदायक शब्द कुठून आला आणि सायकलस्वारांच्या गुडघ्यांचं खरं दुखणं कुठे सापडलं, हे कळलं की पटतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

जुलै १९८०. दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचं शहर आहे. टूर द फ्रान्स शर्यतीचा मुक्काम तिथे होता. सर्वांत पुढे असलेल्या खेळाडूची पिवळी जर्सी होती बर्नार इनोच्या अंगावर. इंग्रजी बातम्यांत तुम्ही हे नाव 'हिनॉल्ट' असं वाचलं असेल. १९७८ आणि १९७९ ची टूर त्याने जिंकली होती आणि त्याच वर्षी इटलीची मोठी शर्यतही. पण शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात, पावसात आणि दगडी रस्त्यांवर, त्याचा गुडघा दुखायला लागला होता. दुसऱ्या दिवसापासून डोंगर सुरू होणार होते. त्या रात्री इनोने शर्यत सोडली आणि गाजावाजा न करता तो हॉटेलातून निघून गेला. दुसऱ्या क्रमांकावरच्या योप झूटेमेल्कने सकाळी पिवळी जर्सी घालायला नकार दिला. पुढे शर्यत त्यानेच जिंकली.

इनोच्या संघाचा प्रशिक्षक होता सिरिल गिमार. हा माणूसही कधीकाळी टूरमध्ये धावत होता. १९७२ साली तो एडी मर्क्सच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होता आणि हिरवी जर्सी त्याच्याकडे होती. पॅरिस अगदी हाकेच्या अंतरावर आलेलं असताना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्याला सायकलवरून उतरावं लागलं. मर्क्सने नंतर हिरवी जर्सी त्याच्या हाती दिली, ही गोष्ट फ्रान्समध्ये आजही सांगितली जाते. ज्याची स्वतःची टूर गुडघ्याने हिरावली, त्याच्याच शिष्याची टूरही आठ वर्षांनी गुडघ्यानेच हिरावली. दोघेही तरुण होते, दोघेही पोलादासारखे. 'वयानुसार झीज' हे उत्तर या दोघांना लागू होत नाही, हे लक्षात ठेवा.

मग गुडघा दुखतो कशाने? त्यासाठी आणखी मागे जाऊ.

पुढचं चाक प्रचंड आणि मागचं चिमुकलं, अशी जुनी सायकल तुम्ही चित्रांत पाहिली असेल. त्यात पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत, त्यामुळे चाक केवढं घ्यायचं हे पायाच्या लांबीवरून ठरे. थोडक्यात, सायकल अंगाच्या मापाने घ्यावी लागे. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, वरखाली होणारी सीट. आजची तुमची सायकल तिचीच नात. ती पडायला कमी धोक्याची होती आणि कुणालाही चालवता येत होती. पण आता एकच सायकल पाच फुटांच्या माणसालाही मिळू लागली आणि सहा फुटांच्या माणसालाही. सीट हलवता येते, याचा दुसरा अर्थ ती चुकीच्या उंचीवरही ठेवता येते.

चेनबरोबर गियरचा प्रश्नही आला. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन इथे पॉल द विवी नावाचे गृहस्थ होते, 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. चढावर हलका गियर घ्या, पायांना मोकळं फिरू द्या, असा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना हे पटत नसे. गियर बदलणं हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचं काम, असा त्यांचा सूर होता. परिणाम असा की १९३७ पर्यंत टूरमध्ये चालता चालता गियर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी नव्हती. चढाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या दातांवर चेन चढवायची. १९१० मध्ये पिरेनीजमधल्या तुरमाले घाटावर खेळाडू असेच चढले. पंचेचाळिशी ओलांडलेला डॉक्टर म्हणून माझं मत वेलोसिओंच्या बाजूने आहे, हे सांगायला नकोच.

गियरचा आणि गुडघ्याचा संबंध समजायला अवघड नाही. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. जड गियरमध्ये प्रत्येक वेळी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. सीट खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि हा दाब आणखी वाढतो. १९८७ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन आणि निसेल यांनी हे मोजून दाखवलं: भार वाढला की वाटीवरचा दाब वाढतो, आणि सीट खाली घेतली तरी वाढतो. पण त्यांच्या आकड्यांतली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. साध्या वेगाने सायकल चालवताना हा दाब जिना चढण्यापेक्षा कमी असतो. म्हणजे सायकल मुळात गुडघ्याची शत्रू नाही.

सीटची उंची किती असावी, यावर १९६७ मध्ये इंग्लंडच्या हॅम्ली आणि थॉमस यांनी प्रयोग केला होता. त्यांचं उत्तर होतं, पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के. पण ते शोधत होते जास्तीत जास्त कामगिरी, गुडघ्याचं सुख नव्हे. गिमारच्या संघातून पुढे आलेल्या ग्रेग लेमॉन्डने वेगळा आकडा लोकप्रिय केला: आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणा, आणि ते अंतर पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटपर्यंत ठेवा. पुढे १९९० च्या दशकात सूत्रं मागे पडून कोन मोजणं आलं. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, असं आज बहुतेक जण मानतात.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या शब्दाकडे येऊ.

१९०६ मध्ये ब्युडिंगर नावाच्या शल्यचिकित्सकांनी वाटीच्या मागच्या कूर्चेतल्या भेगांचं वर्णन केलं. कूर्चा म्हणजेच आपण जिला गादी म्हणतो ती. १९२८ मध्ये स्वीडनच्या आलेमान यांनी 'कॉन्ड्रोमलेशिया' हा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ फक्त 'कूर्चा मऊ होणं'. १९६१ मध्ये आउटरब्रिज यांनी तिच्या चार पायऱ्या ठरवल्या. तुमच्या कागदावरची 'ग्रेड २' ही त्याच पद्धतीची. यात चूक काहीच नव्हती. चूक पुढच्या उडीत झाली: गुडघा दुखतोय, गुडघ्यात मऊ कूर्चा दिसतेय, म्हणजे दुखतंय ते कूर्चेमुळेच. या एका गृहीतकावर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. कूर्चा तासून काढली गेली, वाटीच्या बाजूचे बंध कापले गेले, आणि विसाव्या शतकाच्या मधल्या काळात तर अख्खी वाटीच काढून टाकली जात असे.

अडचण अशी की कूर्चेत वेदना नेणाऱ्या नसाच नसतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. स्कॉट डाय यांनी याचा छडा लावायला जे केलं, ते वाचून मी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलो होतो. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली, आणि सांध्याच्या आत भूल न घेता! फक्त त्वचेवर, दुर्बीण आत जाते तिथे भूल. मग सहकाऱ्याने आतला एकेक भाग सळईने दाबायचा आणि डाय यांनी जागेपणी सांगायचं, कुठे किती दुखतंय. १९९८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. वाटीची कूर्चा दाबली तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही. गंमत म्हणजे त्यांची ती कूर्चा ग्रेड २-३ इतकी मऊ झालेली निघाली, आणि त्यांना गुडघ्याचा काही त्रास नव्हता. पण वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याचं आतलं अस्तर दाबताच कळवळायला झालं. अर्थात हा एकाच माणसावरचा प्रयोग होता. पण नंतर एमआरआय सर्रास होऊ लागले तेव्हा दिसलं, की चाळिशी ओलांडलेल्या आणि गुडघा अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या रिपोर्टमध्येही असे बदल असतात.

डाय यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक गुडघ्याची पेलण्याची एक कुवत असते. तिच्या आत राहिलात तर गुडघा कुरकुर करत नाही. कुवतीबाहेर वारंवार गेलात की अस्तर, चरबी, हाड, कंडरा चिडतात आणि कुवत आणखी घटते. मग पूर्वी सहज जमायचं तेही दुखायला लागतं. पण ही कुवत हळूहळू पुन्हा वाढवता येते.

मी हे माझ्याच चुकीची कबुली म्हणून सांगतोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा रुग्णांना 'सायकल बंद' असं लिहून देत असे. दुखणं थांबायचं, रुग्ण खूश. वर्षभराने तेच रुग्ण सहा किलो वाढलेल्या वजनासह, मांडीचे स्नायू बारीक झालेले, पुन्हा समोर बसायचे. आता जिनासुद्धा दुखायचा.

पेडलची कथाही थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींनी बूट अडकवायचे पेडल घेतले आहेत. फ्रान्सच्या लुक कंपनीने, जी आधी बर्फावरच्या स्कीचे खटके बनवत असे, १९८४ मध्ये बूट खटक्याने अडकणारा पेडल आणला. इनोने १९८५ ची आपली पाचवी टूर त्यावर जिंकली. पण बूट पक्का जखडला की टाचेला इकडेतिकडे सरकायला जागा राहत नाही आणि पायाचा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. म्हणून काही अंश मोकळीक देणाऱ्या क्लीट आल्या. इथे एक फसगत टाळा: लुकची लाल क्लीट सर्वांत जास्त मोकळीक देते, ९ अंश, शिमानोची लाल क्लीट अजिबात देत नाही. शिमानोमध्ये गुडघा दुखणाऱ्यांनी पिवळी घ्यावी, ती ६ अंश देते.

आता तुमचं काय? आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे खाली ठेवलेली सीट. सिग्नलला सीटवर बसूनच दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. सोडून द्या ते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली न्या आणि टाच त्यावर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पुढचा पंजा पेडलवर ठेवलात की आपोआप थोडा वाक येतो. सीट एकदम वर करू नका, एका वेळी चार-पाच मिलिमीटर, आणि जुन्या उंचीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. वाटीपुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ती बहुधा वर आहे. कडेला दुखत असेल तर आधी क्लीट पाहा.

अंतर निम्मं करा, काही आठवडे घाट टाळा, आणि पाय मिनिटाला ८० च्या आसपास फिरतील इतका हलका गियर ठेवा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालं, तर घाबरू नका. सकाळी जास्त दुखलं तर काल जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ. वेदनाशामक गोळी घेऊन मात्र राइडला जाऊ नका. ती गोळी तुमचा मोजमापाचा काटाच बंद करते. मांडी आणि कंबरेखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि किमान तीन महिने करा. दोन आठवड्यांत बरं वाटलं की व्यायाम सुटतात, हे मी रोज पाहतो.

इनोने त्याच १९८० च्या ३१ ऑगस्टला सालांश इथली २६८ किलोमीटरची जागतिक स्पर्धा जिंकली. ती इतकी खडतर होती की फक्त १५ जण शेवटपर्यंत पोहोचले. सगळे म्हणाले, गुडघा बरा झाला. पण १९८३ मध्ये तो पुन्हा उलटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची टूर हुकली. तेव्हा कंडरेच्या दुखण्यात काही लोकांना शस्त्रक्रिया लागते, हेही खरं. गुडघा सुजला, अडकून बसला, चालताना दगा देऊ लागला, लाल आणि गरम झाला, ताप आला किंवा रात्री झोपेतून उठवू लागला, तर घरी प्रयोग न करता लगेच डॉक्टरांना दाखवा. पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी.

बाकीच्यांनी पुढच्या भेटीला येताना सायकल आणि रोजचे बूट घेऊन या. सायकल खाली पार्किंगमध्ये लावा, मी पाना घेऊन येतो. एमआरआय नंतर पाहू.