माल्टा बेटावरची पऱ्हाटी



युरोप आणि आफ्रिकेच्या मधल्या भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं लहानसं बेट आहे. लख्ख ऊन, पिवळसर दगडाची गावं, निळं पाणी. उन्हाळ्यात तिथले किनारे पर्यटकांनी भरून जातात. पण अडीचशे वर्षांपूर्वी हे बेट आपल्या वऱ्हाडासारखंच कापसावर जगत होतं.

तिथल्या राज्यकर्त्यांचा नियम होता, कच्चा कापूस बाहेर न्यायचा नाही, सूत कातूनच विकायचं. त्यामुळे घरोघरी बायांच्या हाताला काम होतं. ते सूत मुख्यतः स्पेनला जाई. पुढे स्पेननं बाहेरच्या सुताला दार बंद केलं आणि चरखे थांबत गेले.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला, तसा माल्टाच्या कापसाला पुन्हा भाव आला, आपल्या अकोला-अमरावतीच्याही. युद्ध संपलं, भाव उतरले. माल्टात पऱ्हाटी हळूहळू संपली. आपल्याकडे ती वाढली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली. वऱ्हाडच्या गाठी त्याच भूमध्य समुद्रातून इंग्लंडला जाऊ लागल्या. वेचणी आपल्या बायांची, सूत मात्र तिकडच्या गिरण्यांत.

म्हणून बायांनो, गटाचा धंदा ठरवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवू. माल कच्चा गेला की पुढची मजुरीही त्याच्यासंगं जाते. आणि गिऱ्हाईक एकच असलं, तर त्यानं दार लावलं की आपली चूल विझते.