डेन्मार्कचे लोणी आणि बालाघाटचा खवा : एक तौलनिक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

सहकाराचा इतिहास शिकविताना डेन्मार्कचा उल्लेख हमखास येतो. छोटा देश, मर्यादित भूमी आणि तरीही लोण्याच्या निर्यातीत अग्रेसर, एवढे सांगून आपण बहुधा पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे यश कशातून आले आणि धारूरसारख्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील तालुक्याने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डेन्मार्कमधील स्थित्यंतर :

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गमावले. पुढील दशकात अमेरिका व रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि धान्याचे भाव कोसळले. धान्य विकणाऱ्या डॅनिश शेतकऱ्याने तेच स्वस्त धान्य जनावरांना घालून लोणी विकण्याचा मार्ग पत्करला. १८७८ च्या सुमारास मलई वेगळी करणारे सतत फिरणारे यंत्र उपलब्ध झाले. एकट्या शेतकऱ्यास न परवडणारे हे यंत्र सामुदायिक मालकीने घेता येत होते. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील ह्येडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अशा डेअऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास पोहोचली.

या संस्थांमध्ये मतदान माणशी होते, गुरांच्या संख्येवर नव्हे. दोन-तीन गायींचा अल्पभूधारक आणि मोठा शेतकरी यांचे मत सारखेच होते. मलई काढलेले दूध सभासदास परत मिळे. त्यावर डुकरे पोसली जात आणि त्यांचे मांसही इंग्लंडच्या बाजारात जाई. १९०६ च्या कायद्याने निर्यातीच्या लोण्यावर ‘लूर’ हे राष्ट्रीय चिन्ह बंधनकारक झाले. परिणामी गुणवत्तेची जबाबदारी एका गावापुरती न राहता देशाची झाली.

तथापि यशाचे एक कारण आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. ते म्हणजे हिवाळ्यातील दूध. पूर्वी हिवाळ्यात गायी आटत असत. डॅनिश शेतकऱ्यांनी गायींचे वेत शरद ऋतूकडे वळविले, पेंड आयात केली, कंदमुळे पिकविली आणि बारमाही दूध मिळविले. इंग्लंडच्या बाजारात लोण्याची टंचाई असे, नेमके तेव्हाच डॅनिश लोणी तेथे पोहोचत असे. आयर्लंडमध्येही सहकारी डेअऱ्या निघाल्या. परंतु तेथील दूध मुख्यतः उन्हाळी कुरणांवर अवलंबून राहिले व वर्षभराचा पुरवठा त्यांना साधला नाही.

बालाघाटातील वास्तव :

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाला, तेव्हा मराठवाड्यास नव्या राज्यव्यवस्थेत येऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. दूध नासण्याआधी शहरी ग्राहकापर्यंत नेण्याची सोय नसली की ते आटविणे हाच उपाय उरतो. बालाघाटच्या पट्ट्यात, विशेषतः भूम व कुंथलगिरी परिसरात, खव्याच्या भट्ट्या रुजल्या त्या याच न्यायाने. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा सुमारे एक किलो खवा होतो; वजन घटते आणि टिकाऊपणा वाढतो. दूरच्या बाजारासाठी दुधाचे रूप बदलणे, हे तत्त्व डॅनिश लोण्याचे आणि आपल्या खव्याचे एकच आहे.

मग फरक कोठे पडतो? धारूर तालुक्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परततात. घरी म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले राहतात. गुरांचे दावे त्यांच्याच हाती येते. दिवाळीनंतर वर्गातील रिकाम्या बाकांकडे पाहताना या दाव्याची आठवण होते. डेन्मार्कने ज्या ऋतूवर आपले यश उभारले, त्याच ऋतूत आमचा कर्ता माणूस गावात नसतो. शिवाय ऊस तोडताना निघणारे वाढे मोळ्या बांधून तेथील दूध उत्पादकांनाच विकले जाते. बालाघाटचे हात दुसऱ्याच्या गोठ्यास चारा पुरवितात आणि स्वतःचा गोठा रिकामा राहतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, सहकारी संस्थेची नोंदणी म्हणजे डॅनिश नमुन्याचे अनुकरण नव्हे. डेन्मार्कमधील शेतकरी अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुधारणांनंतर बव्हंशी आपल्या जमिनीचा मालक झाला होता आणि लोकविद्यालयांतून शिकलेला होता. त्याला गाव सोडावे लागत नव्हते. हिवाळी चारा, पाणी आणि उचलीपासून मुक्तता यांचा विचार प्रथम झाला, तरच येथे दुग्धसंस्था तग धरतील. ‘आमच्याकडे सहकार रुजत नाही’ हा ठपका शेतकऱ्याच्या स्वभावावर ठेवण्यापूर्वी, वर्षाच्या बारा महिन्यांपैकी तो किती महिने आपल्या घरी असतो, हे अभ्यासकांनी आधी मोजावे.