बेहड्याची फळं मोजणारा राजा

पोकर खेळणाऱ्या मित्रांना विचारा, "टार्गेट काय?" उत्तर ठरलेलं: "या महिन्यात इतके जिंकायचे." आता पत्ते कुठले येणार हे कुणाच्या बापाच्या हातात नाही, मग हे टार्गेट तरी कसलं?

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथातल्या 64 कलांच्या यादीत द्यूतही आहे! म्हणजे जुगार ही तेव्हा शिकायची गोष्ट होती.

कशी शिकायची, ते महाभारताच्या वनपर्वात सापडतं. नळ हा आपल्या विदर्भाचा जावई, दमयंतीचा नवरा. पुष्कराशी फासे खेळताना सगळ्यांनी अडवलं तरी उठला नाही आणि राज्य घालवून बसला. पुढे तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दोघं विदर्भाकडे निघाले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णाने नुसतं बघून सांगितलं, दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत. नळाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवून चक्क मोजली. आकडा बरोबर! मग घोड्यांची विद्या देऊन त्याने ही फाशांची आणि मोजणीची विद्या घेतली. (पूर्वी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत.) इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरच्या 1975 च्या पुस्तकात या गोष्टीची दखल घेतली आहे.

गंमत बघा, नळ इथे जिंकायला शिकला नाही, मोजायला शिकला. फासा कसा पडेल हे हातात नव्हतं, मोजणी होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. परत येऊन नळाने पुष्कराशी एकच डाव मांडला आणि पणाला लावलं काय, तर सगळं धन, दमयंती आणि स्वतःचा जीव! जिंकला, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. हरला असता तर? विद्या आली, पण कुठे थांबायचं ते काही आलं नाही.

म्हणून माझ्या मते टार्गेट दोनच असावीत. खेळून झाल्यावर पाच हँड वहीत लिहून, शक्यता मोजून तपासायचे. आणि बसण्याआधी रक्कम व वेळ ठरवायची, ती संपली की उठायचं, जिंकत असलो तरी. दोन्ही पूर्णपणे आपल्या हातात आहेत. त्या रात्री हरलात तरी टार्गेट पूर्ण होऊ शकतं, आणि जिंकूनही हुकू शकतं.

नळाचं हुकलं होतं.