प्लग ॲडॅप्टर
एका देशातील प्लग दुसऱ्या देशातील सॉकेटात बसविण्याचे जोडसाधन. प्रारंभी घरात वीज आली ती दिव्यांसाठी. इतर उपकरणे दिव्याच्या होल्डरलाच जोडीत. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी १९०४ मध्ये सुट्या होणाऱ्या प्लगाचे पेटंट मिळविले. पुढे देशोदेशी निरनिराळे आकार रूढ झाले आणि घरोघरी सॉकेटे बसल्यावर ते बदलणे दुष्कर ठरले.

ग्रेट ब्रिटनमध्ये महायुद्धोत्तर बांधणीसाठी तांब्याची बचत करणारी वलयाकार तारजोडणी स्वीकारण्यात आली व १९४७ मध्ये चपट्या पिनांच्या १३ अँपिअर प्लगाचे मानक प्रसिद्ध झाले. भिंतीतील अशा मंडलास सुमारे ३० अँपिअरपर्यंतचेच संरक्षण असते. म्हणून उपकरणाच्या बारीक तारेचे रक्षण प्लगमधील फ्यूज करतो. फ्यूज नसलेला ॲडॅप्टर वापरल्यास हे रक्षणच नाहीसे होते आणि दोष उद्भवल्यास तार तापून आग लागू शकते. स्वस्त ॲडॅप्टरांत नेमकी हीच काटकसर केलेली आढळते. भारतात मात्र १९३४ च्या ब्रिटिश मानकाच्या वळणाच्या गोल पिना टिकून राहिल्या.

ॲडॅप्टर केवळ आकार जुळवितो, विद्युत् दाब बदलत नाही. भारतात तो २३०, अमेरिकेत १२०, तर जपानात १०० व्होल्ट असतो. १००–२४० असे छापलेले चार्जर सर्वत्र चालतात. केवळ १२० व्होल्टांची इस्त्री भारतात जळते. तीन पिनांची इस्त्री दोन पिनांच्या ॲडॅप्टरने जोडल्यास अर्थिंग तुटते व तिच्या धातूच्या भागातून प्राणघातक धक्का बसू शकतो.

आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने १९८६ मध्ये समान प्लगाचे मानक प्रसिद्ध केले. ब्राझीलने ते फेरफारांसह स्वीकारले, दक्षिण आफ्रिकेनेही अंगीकारले. इतरत्र जुनेच प्लग राहिले.