थॉमस नावाचा लाल आयत

‘थॉमस वॉज अलोन’ या व्हिडिओ गेममधला थॉमस म्हणजे एक लाल आयत. डोळे नाहीत, हातपाय नाहीत. नुसतं सरकायचं आणि उडी मारायची. तरीही त्याची काळजी वाटते. ही काळजी आली कुठून?

पहिला माग १९८१च्या ‘डाँकी काँग’पाशी लागतो. त्याचे डिझायनर शिगेरू मियामोतोंना नायक मोजक्या ठिपक्यांत बसवायचा होता. तोंड उमटेना म्हणून मिशी आली, केस काढणं जमेना म्हणून टोपी. तोच पुढे मारिओ झाला. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवरून तो आमच्या नागपूरच्या कळमन्यातही पोचला. कॅसेट चालेना की फुंकर मारून पुन्हा लावायची, आणि खेळ सुरू. तेव्हा चेहरा नव्हता तो ठिपक्यांच्या गरिबीपोटी. हौस म्हणून नव्हे.

दुसरा माग १९९३च्या ‘द लॉस्ट व्हायकिंग्ज’चा. एक जण उड्या मारणारा, एक लढणारा, एक ढाल धरणारा. तिघंही बाहेर पडायच्या जागी पोचल्याशिवाय लेव्हल संपत नसे. थॉमसच्या गेमचा सांगाडा बराचसा इथलाच.

पण खरा पूर्वज मला व्हिडिओ गेममध्ये सापडत नाही. १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी मूक फिल्म दाखवली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडणारं दार असलेली एक चौकट. आकृत्या इकडून तिकडे फिरतात, बाकी काही नाही. काय दिसलं ते लिहा, असं ३४ विद्यार्थिनींना सांगितलं. एकीनेच निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना सजीव पात्रं दिसली, पाठलाग दिसला, दादागिरी दिसली. हालचाल पुरेशी असली की चेहरा पाहणाराच देतो, हे त्या फिल्मने दाखवून दिलं.

माइक बिथेल या ब्रिटिश डिझायनरने ऑक्टोबर २०१०मध्ये २४ तासांत थॉमसचं पहिलं, फ्लॅशवरचं रूप उभं केलं. नोकरी सांभाळून वाढवलेला पूर्ण गेम २०१२मध्ये आला: शंभर लेव्हल, डेव्हिड हाउसडेनचं संगीत, डॅनी वॉलेसचं निवेदन. थॉमसच्या सोबत्यांपैकी ख्रिस हा बुटका नारिंगी चौकोन, उडी तोकडी आणि कायम कुरकुरणारा. क्लेअर मोठी, निळी, संथ. पण पाण्यावर तरंगणारी एकटी तीच. इतरांना तिच्या डोक्यावर बसून पाणी ओलांडावं लागतं. उंच जागी चढायचं तर एकमेकांवर उभं राहून; कळमना मार्केट यार्डात क्रेटवर क्रेट ठेवून पायरी करावी, तसं.

२०१३मध्ये वॉलेसला बाफ्टा मिळाला, समीक्षकांनी निवेदन आणि संगीत वाखाणलं. कोडी फार सोपी, ही तक्रारही झाली. ती मला पटत नाही. तीच पायरी पुन्हा पुन्हा रचताना, ज्याला दर वेळी मदत मागावी लागते त्या ख्रिसची चिडचिड समजते. कोडं अवघड असतं तर लक्ष तिकडेच अडकलं असतं. निवेदनामुळेच सगळं साधलं, असंही म्हणतात. वॉलेसचा वाटा मोठा, पण हायडर-सिमेलची फिल्म तर मूक होती. आवाज बंद करूनही खेळून पाहावं. प्रत्येकाच्या मापाची एकेक चौकट शेवटी असते; ख्रिसला खाली सोडून थॉमस आपल्या चौकटीत उभा राहिला, तरी लेव्हल संपत नाही. ख्रिससाठी मागे यावंच लागतं.